मातीच्या छोट्या धरणाचा पायथा ओला झालाय, काय करावं?

तळकाठ

नमस्कार. आमच्या गावाला पिण्याचं पाणी एका छोट्या मातीच्या धरणातून येतं. धरणाची उंची ९ मीटर. पूर्ण भरलं की पाणी साडेसात मीटर खोल आणि पसारा साधारण २ हेक्टर. बाराशे माणसं त्यावर अवलंबून आहेत, दुसरी सोय नाही. धरणाच्या पोटातून, अगदी तळाशी, एक लोखंडी नळ जातो. त्याचा व्हॉल्व्ह कोरड्या बाजूला पायथ्याशी आहे. तिथून पाणी पंपघरात आणि पुढे टाकीत.

यंदा धरण लवकर भरलं. परवा सकाळी पायथ्याला गेलो, तर नळाच्या डाव्या हाताला दोन खाटा मावतील एवढी जागा ओली. तिथलं गवत आजूबाजूच्या गवतापेक्षा हिरवंगार आणि उंच. पाय ठेवला की चप्पल रुतते, ओढून काढली की ठशात लगेच पाणी भरतं. ओलीच्या खालच्या टोकाला अंगठ्याएवढी धार लागली आहे.

जुनी माणसं म्हणतात, मातीचं धरण आहे, पाझरणारच, ओल आम्ही लहानपणापासून बघतोय. तरुण मंडळी म्हणतात, सिमेंट ओता आणि तोंड बंद करा. मी पाणी समितीत असल्यामुळे दोन्ही बाजू माझ्याकडे बघतात. खाली ओढ्याच्या काठी अकरा घरं आहेत आणि मला दोन रात्री झोप नाही. जाणकारांनी कृपया सांगा.

पायवाट

आमच्या धरणालाही अशी ओल आहे, वीस वर्षं झाली, काही झालं नाही. पण धार नाही, नुसती ओल. जाणकारांच्या प्रतिसादाची वाट बघतो.

भरावा

तळकाठ, आधी एकच सांगा. धार नितळ आहे की गढूळ?

मी नोकरीची बहुतेक वर्षं मातीच्या धरणांवर काढली, आता निवृत्त आहे. पाझर दिसला म्हणून मी कधी घाबरलो नाही. गढूळ पाझर दिसला की मात्र जागचा हललो नाही.

जुनी माणसं म्हणतात ते निम्मं खरं आहे. माती कितीही दाबली तरी कणांमध्ये फटी राहतात आणि पाणी त्यातून वाट काढतं. हेन्री डार्सी या फ्रेंच अभियंत्याने १८५६ मध्ये वाळूतून पाणी किती वेगाने जातं याचा नियम मांडला. दाब जितका जास्त आणि वाट जितकी आखूड, तितकं पाणी जास्त. म्हणून धरणाच्या मधोमध चिकणमातीचा गाभा असतो, तो पाण्याला अडवून धरतो. दोन्ही बाजूंना मुरमाचं कवच असतं, ते गाभ्याला आधार देतं. गाभ्यातून जे थोडं पाणी येतं ते कोरड्या बाजूला वाळू-खडीच्या थरातून गोळा होऊन पायथ्याच्या गटारात पडावं, अशी रचना असते. त्या पाण्याने नितळ असावं एवढीच अट.

पाण्याबरोबर मातीचे कण येऊ लागले की गोष्ट बदलते. जिथून पाणी बाहेर पडतं तिथली माती आधी जाते, मग तिच्या मागची, मग आणखी मागची. पोकळी पायथ्याकडून जलाशयाकडे सरकत जाते. वाट आखूड होत जाते म्हणून पाण्याचा जोर वाढतो, जोर वाढतो म्हणून माती आणखी वेगाने जाते. ही पोकळी जलाशयाला भिडली की हातात काही राहत नाही. अमेरिकेतलं टेटन धरण ९० मीटरांहून उंच होतं, नवंकोरं. ५ जून १९७६ ला सकाळी गढूळ पाणी दिसलं. भोक बुजवायला पाठवलेले दोन बुलडोझर त्यातच गेले आणि दुपारचे बारा वाजायच्या आत धरण फुटलं.

तुमची ओल नळाशेजारी आहे, हे मला सगळ्यात जास्त खटकतंय. रोलर नळाला खेटून चालवता येत नाही. तिथली माती हाताने धुमसावी लागते, आणि ती नीट धुमसली गेली असेलच असं नाही.

आता सिमेंटबद्दल. कृपा करून ओतू नका. आतलं पाणी थांबत नाही, फक्त बाहेर पडायची जागा बंद होते. दाब आत चढतो आणि पाणी दुसरीकडून, बहुधा जास्त वरून फुटतं. चिकणमाती थापली तरी तेच. पाणी येऊ द्यायचं आणि माती अडवायची, हे काम वाळूचं आहे.

आज एवढं करा: स्वच्छ काचेची बाटली त्या धारेखाली भरा आणि रात्रभर न हलवता ठेवा. तळाशी काय बसलंय ते सकाळी इथे लिहा.

रानवारा

भरावा यांच्या प्रत्येक शब्दाला अनुमोदन. आमच्याकडे धरणाच्या कोरड्या उतारावर एक मोठं झाड होतं. मुळं धरणाच्या भरावात गेलीत म्हणून कुणीतरी ते तोडलं आणि सगळे निर्धास्त झाले. मुळं आतच कुजली. चार-पाच वर्षांनी पाणी नेमकं त्या खोडाखालून यायला लागलं. कुजलेल्या मुळाची पोकळी मी स्वतः काठी घालून बघितली होती, अख्खी काठी आत गेली तरी टोक लागलं नाही. वेळेत खणून, मुळं काढून, थराथराने माती दाबून भरली म्हणून वाचलो. उंदीर, खेकडे, घोरपडी यांची बिळंही तशीच. तळकाठ, उतारावरची झुडपं बाजूला करून एकदा पूर्ण उतार चालून बघा.

उंबरठा

थोडं वेगळं मत. आमच्या टाकीच्या भिंतीतून गळत होतं, सिमेंटचं पाणी दाबाने भरलं आणि गळती कायमची थांबली. धरणाला का चालू नये?

भरावा

उंबरठा, टाकीची भिंत स्वतःच सिमेंटची असते, भेग कुठे आहे ते दिसतं आणि भरलेलं तिथेच धरून राहतं. मातीत पोकळी कुठून कुठे गेली आहे हे बाहेरून कळत नाही. दाबाने काही भरायला गेलं तर तो दाबच माती फाडू शकतो. ग्राउटिंग, म्हणजे सिमेंटचं पाणी दाबाने भरणं, धरणांना करतात, नाही असं नाही. पण ते आतली तपासणी झाल्यावर आणि जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली. घाईने पायथ्याशी थर मारणं म्हणजे ग्राउटिंग नव्हे.

तळकाठ

काल संध्याकाळी बाटली भरली तेव्हा पाणी मला नितळच वाटलं होतं. रात्री इथे पाऊस झाला. आज सकाळी बाटलीच्या तळाशी नखाएवढ्या जाडीचा थर. बोटावर घेतला तर वाळूसारखा खरखरीत नाही, मऊ, चिकट, आणि रंग राखाडी. आमच्या आजूबाजूची माती तांबडी आहे.

धारही वाढल्यासारखी वाटते, पण हा माझ्या मनाचा खेळ असेल.

भरावा

मनाचा खेळ आहे की नाही ते आत्ताच ठरवू. पत्र्याच्या तुकड्याला काटकोनी त्रिकोणी खाच पाडा, टोक खाली. धारेच्या वाटेत आडवा रोवा, कडांना माती लावा, म्हणजे सगळं पाणी खाचेतूनच जाईल. खाचेच्या मागे हातभर अंतरावर, जिथे पाणी संथ साचलंय, तिथे पट्टी रोवून खाचेच्या टोकापासून वर पाण्याची उंची मोजा. ४ सेंटिमीटर असेल तर सेकंदाला साधारण ०.४४ लिटर. ५ ला ०.७७, ६ ला १.२, १० ला ४.४ लिटर. उंची दुप्पट होते तेव्हा पाणी साडेपाच पटींहून जास्त वाढतं, म्हणून एका सेंटिमीटरकडेही दुर्लक्ष करू नका. खात्री म्हणून बादली लावून घड्याळ बघा.

राखाडी आणि चिकट म्हणजे ती गाभ्याची माती असण्याची शक्यता मोठी आहे. आता वाट बघायची नाही. चार गोष्टी, आणि याच क्रमाने:

ओढ्याकाठच्या अकरा घरांना आज संध्याकाळपर्यंत स्पष्ट सांगा. रात्री पायथ्याशी दोन माणसं, बॅटरी आणि फोन घेऊन. एकट्याने कुणी जायचं नाही, आणि ओलीवर उभं राहायचं नाही.

धरणाची जबाबदारी ज्या कार्यालयाकडे आहे त्यांना लेखी कळवा, बाटलीचा फोटो जोडा.

व्हॉल्व्ह उघडून पाणी उतरवायला लागा, पण दिवसाला फूटभराच्या आत. भरभर उतरवलं तर पाण्याकडचा उतार आत भिजलेलाच राहतो, बाहेरचा पाण्याचा आधार मात्र निघून जातो आणि माती घसरते.

ओलीवर वाळू, तिच्यावर बारीक खडी, तिच्यावर मोठी खडी, वर दगड. वाळू धुतलेली हवी. ओल्या वाळूचा छोटा ढीग करून पाण्यात ठेवा. लगेच विस्कटला तर वाळू चालेल. उभा राहिला तर तिच्यात माती जास्त आहे, तिला भेग पडली की ती भेग तशीच राहील. कणांचा आकार किती असावा याचा नियम कार्ल टेरझागी यांनी घालून दिला. अभियंता येईल तेव्हा त्याच्याकडून तो पडताळून घ्या, तोपर्यंत आहे ती स्वच्छ वाळू टाका.

तळकाठ

घरांना सांगितलं. सात कुटुंबं नातेवाइकांकडे गेली, चार कुटुंबं शाळेत झोपणार आहेत. कार्यालयात पत्र दिलं, उद्या माणूस येतो म्हणाले. खाच बसवली. उंची ६ सेंटिमीटर. पंधरा लिटरची बादली बारा सेकंदांत भरली, म्हणजे तुमचा आकडा बरोबर जुळतो.

पाणी उतरवण्यावरून मात्र बैठकीत भांडणं झाली. "भरलेलं धरण स्वतःच्या हाताने रिकामं करायचं?" असं म्हणून दोघे उठून गेले. किती उतरवायचं तेही कळत नाही. दीड मीटर उतरवलं तर पाचातला एकच भाग जाईल ना?

निळाई

तळकाठदादा, पाण्याची योजना चालवणं हे माझं रोजचं काम आहे, म्हणून लिहिते. खोली पाचातला एक भाग कमी होईल, पण साठा जवळपास निम्मा होईल. जलाशय वर रुंद आणि खाली निमुळता असतो. दरी उलट्या शंकूसारखी धरली तर तुमचा पूर्ण साठा साधारण ५०,००० घनमीटर येतो आणि दीड मीटर उतरवल्यावर २५,००० च्या थोडा वर राहतो. बैठकीत हे आधीच सांगा, नंतर कळलं तर विश्वास जाईल.

पण दुसरी बाजूही सांगा. बाराशे माणसांना माणशी ५० लिटर धरले तर रोज ६० घनमीटर लागतात. आठ महिन्यांचे साधारण १४,४००. दिवसाला ५ मिलिमीटर बाष्पीभवन धरलं, तर २ हेक्टरवरून रोज १०० घनमीटर उडून जातात. गाव पितं त्याहून सूर्य जास्त पितो! पाणी खाली उतरलं की पसारा आकसतो आणि हे नुकसानही कमी होतं. म्हणजे निम्म्या साठ्यात तुमचं वर्ष काठावर निघू शकतं, आणि तुमचा पावसाळा तर अजून सरलेला नाही.

आणखी एक आकडा. सेकंदाला १.२ लिटर म्हणजे दिवसाला शंभर घनमीटरांच्या वर. गळतीच गावाच्या वापराच्या दीडपटीहून जास्त पाणी नेतेय. भरलेलं धरण वाचवू म्हणणाऱ्यांना हे दाखवा.

पाणी उतरताना नळातून तळाचं पाणी येईल. त्याला कुजक्या अंड्यासारखा वास असू शकतो, लोह-मँगनीजमुळे पिवळट-काळसर दिसू शकतं. गढूळपणा वाढला की क्लोरीन त्यातच खर्ची पडतं. तुरटीचं प्रमाण रोज नव्याने ठरवा, आणि घरातल्या नळाला क्लोरीन लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम उरलंय का ते तपासा. शाळेत झोपणाऱ्यांना आजपासून उकळलेलं पाणी द्या.

उंबरठा

निळाईताईंचं गणित वाचून माझं मत बदललं. मी आधी सिमेंट सुचवलं होतं ते मागे घेतो.

तळकाठ

ताई, तुमचं गणित फळ्यावर जसंच्या तसं लिहिलं. उठून गेलेले दोघे परत आले. काल दुपारी व्हॉल्व्ह उघडला, तो उघडाच आहे. आज दुपारपर्यंत पाणी फूटभर उतरलं. खाच ६ वरून ४ वर आली! बाटलीही बरीच स्वच्छ आहे. वाळू-खडीचं काम निम्मं झालं. कार्यालयातले अभियंता येऊन गेले, त्यांनीही पाणी उतरवत राहा असंच सांगितलं.

एक विचारायचं राहिलं. काही जण म्हणतात, दुरुस्ती झाल्यावर सांडव्यावर वाळूची पोती रचू, म्हणजे गेलेलं पाणी भरून निघेल. यात काही वाईट आहे का?

भरावा

आधी पोत्यांचं. अजिबात नाही. सांडवा, म्हणजे जादा पाणी बाहेर जायची वाट, हा मातीच्या धरणाचा जीव आहे. दगडी धरणावरून पाणी गेलं तर ते बऱ्याचदा तग धरतं, मातीच्या धरणावरून गेलं तर ते माथा चिरत उतरतं. अमेरिकेतल्या साउथ फोर्क या मातीच्या धरणाच्या सांडव्यावर मासे वाहून जाऊ नयेत म्हणून जाळ्या बसवल्या होत्या. तळाचे नळ आधीच काढून टाकले होते आणि माथाही थोडा खाली आणला होता. ३१ मे १८८९ च्या पुरात जाळ्यांत ओंडके-पाला अडकला, पाणी माथ्यावरून गेलं आणि जॉन्सटाउन गावातली २,२०९ माणसं गेली. तुमच्या दीड मीटरच्या मोकळ्या उंचीतून पोत्यांनी अर्धा मीटर खाल्ला तर मोठ्या पुराला जागाच उरणार नाही. सांडव्यात एखादं झुडूप दिसलं तरी उपटून टाका.

आता महत्त्वाचं. पाणी फक्त एक फूट उतरलं आणि झिरपा जवळजवळ तिसऱ्या हिश्शावर आला? फूटभर दाब कमी झाल्याने एवढा फरक पडत नाही. दुसरं काय बदललं? व्हॉल्व्ह उघडला. तुमचा व्हॉल्व्ह कोरड्या बाजूच्या टोकाला आहे, म्हणजे तो बंद असताना अख्खा नळ धरणाच्या पोटात जलाशयाच्या पूर्ण दाबाने भरलेला असतो. उघडला की आतला दाब पडतो. मला वाटतं नळाचा एखादा सांधा गेलाय आणि पाणी जलाशयातून नाही, नळातून भरावात घुसतंय.

नळाच्या पाण्याकडच्या तोंडाला झडप आहे का?

तळकाठ

काका, आहे! माथ्यावरून दांडा खाली जातो. पण ती कित्येक वर्षं उघडीच आहे, गंजली असेल म्हणून कुणी हात लावत नाही.

भरावा

तेल सोडून, जोर न लावता, थोडी मागे थोडी पुढे करत बंद करून बघा. दांडा तुटला तर वेगळंच संकट, म्हणून घाई नको. बंद झाली की नळ रिकामा होईल. मग दोन दिवस खाच बघा.

पाणी उतरवण्यासाठी आणि गावाला देण्यासाठी तेवढ्या काळापुरता माथ्यावरून सायफन करा. एवढ्या उंचीला सायफन चालतो, मात्र पाण्याच्या पातळीपासून माथा सहा-सात मीटरांहून वर गेला तर भरवसा राहत नाही. नळात हवा शिरू देऊ नका.

रानवारा

१९८२ मध्ये अमेरिकेत लॉन लेक नावाचं धरण फुटलं, तेही असंच. जेमतेम ८ मीटर उंचीचं मातीचं धरण. नळ आणि व्हॉल्व्हच्या सांध्यातलं शिसं झिजलं होतं आणि पाणी तिथून भरावात शिरलं. १५ जुलैच्या पहाटे फुटलं, तीन माणसं गेली. लहान धरण म्हणून सोडून देणाऱ्यांना मी नेहमी हेच सांगतो.

तळकाठ

चार दिवसांनी लिहितोय, माफ करा, पायथ्यालाच होतो.

झडप बंद व्हायला दीड दिवस लागला. एक अनुभवी गडी दांड्याला हात लावून बसला होता, बोटभर फिरवायचा, थांबायचा, ऐकायचा. शेवटच्या वळणाला खालून घरघर आली आणि नळातलं पाणी थांबलं. त्या रात्रीपासून खाच ३ सेंटिमीटरवर आहे. तिसऱ्या दिवशीची बाटली नितळ, तळाशी काहीच नाही.

अभियंता पुन्हा आले. त्यांनी रिकाम्या नळात कॅमेरा सोडला. मधल्या एका सांध्याला हातभर लांब फट, आणि तिच्या बाहेर माती नाही, अंधार. तो अंधार पडद्यावर बघितला तेव्हा कुणी बोललं नाही.

आता ठरलंय ते असं: जुन्या नळात प्लास्टिकचा अखंड नळ सरकवायचा, दोघांमधली जागा आणि बाहेरची पोकळी अभियंत्यांच्या देखरेखीखाली भरायची, कोरड्या टोकाला नळाभोवती वाळूचा गाळणथर करायचा. यापुढे नेहमीचं बंद-चालू पाण्याकडच्या झडपेने होईल. काम संपेपर्यंत पाणी दीड मीटर खालीच ठेवायचं. पोत्यांचा विषय बैठकीने निकालात काढला.

भरावा

उत्तम. दोन सूचना. नवा नळ बसला तरी खाच काढू नका. पुन्हा भरताना दर अर्ध्या मीटरला थांबा, दोन दिवस खाच आणि बाटली बघा, मगच पुढे. आणि वहीत खाचेच्या आकड्याशेजारी जलाशयाची पातळी आणि पाऊस लिहा. पातळी वाढली म्हणून झिरपा वाढला तर समजतं. पातळी तीच असताना वाढला तर त्याच दिवशी फोन करा.

निळाई

तो ३ सेंटिमीटरचा नितळ झिरपा दिवसाला १८ घनमीटरांच्या आसपास आहे. खाचेच्या खाली छोटी विहीर बांधून तो गोळा करता येईल, जवळजवळ तिसरा हिस्सा गरज त्यातून भागेल. वाळूतून आलेलं असलं तरी क्लोरीन हवंच.

तळकाठ

ताई, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. उद्याच्या बैठकीत मांडतो.

अकरा घरांतली माणसं अजून परतलेली नाहीत, नळ बसल्याशिवाय मीही त्यांना या म्हणणार नाही. आजची नोंद: पातळी माथ्याखाली ३ मीटर, पाऊस नाही, खाच ३ सेंटिमीटर, बाटली नितळ. नोंद आठवीतल्या एका मुलीने घेतली. वही तिच्याकडेच दिली आहे.

पायवाट

मी वर लिहिलं होतं की आमच्या ओलीला वीस वर्षं झाली, काही झालं नाही. आज संध्याकाळी जाऊन गवत बाजूला केलं. बारीक धार आहे, कधीपासून आहे ते कुणालाच सांगता येईना. बाटली भरून ठेवली आहे. सकाळी लिहितो.